डोमेनचा पत्ता बदलण्याआधीची चाचणी : हिंजवडीतील एका कौशल्याचा इतिहास

वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की तिचे नाव तेच राहते, पण नावामागचा आकडी पत्ता बदलतो. हा बदल जगभर एकाच क्षणी दिसत नाही. काही जणांना नवी साइट दिसते, काहींना जुनीच, आणि ही सरमिसळ काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत चालू शकते. तेवढी वाट न पाहता नवी साइट तिच्या खऱ्या नावानेच आधी तपासून घेणे हे सॉफ्टवेअर व्यवसायातले जुने कौशल्य आहे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, हिंजवडी आणि माणच्या शिवारात उभ्या राहिलेल्या आयटी पार्कमध्ये ते रोजच्या कामाचा भाग झाले. त्याची मुळे मात्र आयटी पार्कच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकातील अमेरिकेच्या संशोधन-जाळ्यात सापडतात.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यावर सुरुवातीला मोजकेच संगणक होते. कोणत्या नावाचा संगणक कोणत्या क्रमांकावर आहे, याची यादी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे ठेवली जाई आणि या याद्या एकमेकींशी जुळत नसत. यादी एकाच ठिकाणी, अधिकृतपणे ठेवावी असा प्रस्ताव पीटर डॉइच यांनी १९७३ च्या अखेरीस मांडला. पुढे कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राने हे काम सांभाळले. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल अद्ययावत ठेवत. संगणकाचा पत्ता बदलला की तिथला व्यवस्थापक केंद्राला ई-मेल पाठवी, आठवड्यातून एकदा-दोनदा नवी फाइल तयार होई आणि बाकीचे सगळे ती आपापल्या सोयीने उतरवून घेत. म्हणजे बदलाची वाट पाहणे तेव्हाही होतेच, आणि ते आजच्यापेक्षा अधिक लांबत असे.

ऑगस्ट १९८१ मध्ये जाळ्यावर २१३ संगणक होते, ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२. या वेगापुढे एका फाइलचा टिकाव लागणे शक्य नव्हते. केंद्राच्या संगणकावर भार वाढत होता, दोन ठिकाणी एकच नाव घेतले जात होते आणि यादी दूरवर पोहोचेपर्यंत शिळी झालेली असे. नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मोकापेट्रिस यांनी दोन टिपणांमध्ये डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएसचा आराखडा मांडला. नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याची सुधारित रूपे प्रसिद्ध झाली. आजही पाया तोच आहे.

मोकापेट्रिस यांनी यादीचे तुकडे करून ते ज्याच्या-त्याच्या ताब्यात दिले. प्रत्येक डोमेनची नोंद त्याच्या स्वतःच्या नेमसर्व्हरवर राहते. विचारणाऱ्याच्या बाजूला रिझॉल्व्हर असतो. तो उत्तर शोधून आणतो आणि काही काळ स्वतःजवळ साठवतो, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा शोधायला नको. किती काळ साठवायचे हे डोमेनचा मालकच सेकंदांत ठरवतो, आणि त्या आकड्याला टीटीएल म्हणतात. ८६४०० असा आकडा असेल तर एक दिवस. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा निघू लागला, तरी महिन्यापूर्वी काढलेला उतारा ज्याच्या हातात आहे त्याच्या कागदावर जुन्याच मालकाचे नाव राहते, तसेच हे आहे. फरक एवढाच की डीएनएसच्या प्रत्येक उताऱ्यावर मुदत छापलेली असते आणि ती संपली की तो फाडून टाकायचा असतो. नवा पत्ता कुणी जगभर वाटत फिरत नाही. जुनी साठवण आपापल्या वेळी संपते आणि मग नवी विचारणा होते. दिरंगाई वाटते ती खरे तर या साठवणीची किंमत आहे, आणि साठवण नसती तर हे जाळे इतके वाढलेच नसते.

१९८७ च्या त्या दस्तऐवजात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. सर्वसाधारण संगणकासाठी ही मुदत काही दिवसांची असावी, ही पहिली. बदल होणार हे आधी माहीत असेल तर मुदत आधीच कमी करावी आणि बदल झाल्यावर पुन्हा वाढवावी, ही दुसरी. म्हणजे दिरंगाईवरचा उपाय दिरंगाईच्या जन्मापासून छापील स्वरूपात उपलब्ध होता. तो पाळायचा विसर पडतो म्हणून पुढची सारी धावपळ होते.

डीएनएस आले तरी जुनी यादी नाहीशी झाली नाही. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाने वितरित केलेल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत ‘ईटीसी’ या डिरेक्टरीत ‘होस्ट्स’ नावाची साधी मजकूर फाइल होती. लिनक्स आणि मॅकवर ती आजही त्याच जागी असते. विंडोजमध्ये ती ‘सिस्टिम३२’ फोल्डरातील ‘ड्रायव्हर्स’मध्ये, पुन्हा ‘ईटीसी’ नावाच्याच फोल्डरात सापडते. ही युनिक्सच्या वारशाची उघड खूण आहे. संगणकाला एखादे नाव विचारले की तो सहसा आधी ही फाइल पाहतो आणि तिथे नोंद नसेल तरच डीएनएसकडे जातो. या एका क्रमावर प्रस्तुत कौशल्य उभे आहे. जगाला जुना पत्ता मिळत असतानाही एका संगणकापुरता नवा पत्ता लागू करता येतो.

भारतात या व्यवस्थेचा प्रवेश शैक्षणिक वर्तुळातून झाला. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. मे १९८९ मध्ये ‘डॉट इन’ या देशनामाची नोंद झाली आणि मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ते सांभाळू लागले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तरीही ‘डॉट इन’ नावे मिळवण्याचे नियम इतके कडक होते की २००४ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ७,००० वरच थांबली. २००५ च्या सुरुवातीला निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली नवे धोरण लागू झाले आणि नावे कुणालाही घेता येऊ लागली. त्याच वर्षी मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथे रूट सर्व्हरच्या प्रती बसवल्या गेल्या, त्यामुळे नावाच्या शोधाची पहिली पायरी देशातच चढता येऊ लागली. नावे विकण्याच्या धंद्यातही महाराष्ट्र मागे नव्हता. मुंबईत १९९८ मध्ये तुराखिया बंधूंनी सुरू केलेली डायरेक्टी ही कंपनी पुढे डोमेन नोंदणीतील मोठे नाव झाली.

या काळात मुळशी तालुका बदलत होता. मुळशी म्हटले की तोवर टाटांचे धरण आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नावाशी जोडला गेलेला सत्याग्रह आठवे. तालुक्याचे ठाणे पौडला, मुख्य पीक भात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तालुक्याच्या पूर्व टोकाला, पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीच्या जमिनीवर राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान विकसित करायला घेतले. इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंट, केपीआयटी, टीसीएस, टेक महिंद्रा अशा कंपन्यांची संकुले तिथे टप्प्याटप्प्याने आली. तिसरा टप्पा माणपर्यंत पोहोचला. ज्या इन्फोसिसची नोंदणी १९८१ मध्ये पुण्यातच झाली होती आणि जी दोन वर्षांत बंगळुरूला गेली, तिचे पुण्याकडचे सर्वांत मोठे काम अखेर मुळशीच्या या पट्ट्यात आले, हा योग नोंदवण्यासारखा आहे.

इथल्या कामाचा मोठा भाग परदेशी ग्राहकांच्या प्रणालींची देखभाल, चाचणी आणि स्थलांतर हा होता. ग्राहकाची साइट नव्या सर्व्हरवर न्यायची तर ती वेळ त्याच्या गिऱ्हाइकांची वर्दळ कमी असताना, म्हणजे बहुधा शनिवारी मध्यरात्री धरली जाई. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र होते तेव्हा हिंजवडीत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात, वार रविवार. लंडनची मध्यरात्र इथे पहाटेची साडेचार किंवा साडेपाच असते. अशा वेळी टेस्टरांच्या हातात तीन-चार तास असतात. ‘प्रोपगेशन (नव्या पत्त्याचा प्रसार) व्हायचे आहे, थांबू’ असे म्हणण्याची मुभा नसते, कारण तेवढ्यात तिकडे सोमवार उजाडतो. कटओव्हर, म्हणजे प्रत्यक्ष पत्ताबदल, होण्याच्या आधीच साइट तपासून ठेवण्याची सवय या दडपणातून पक्की झाली.

‘अठ्ठेचाळीस तास लागतील’ हा या धंद्यातला सर्वांत परिचित इशारा आहे. त्यामागे खरी कारणे होती. ‘डॉट कॉम’च्या मध्यवर्ती यादीत सप्टेंबर २००४ पूर्वी दिवसातून फक्त दोनदा भर पडे. नंतर हे काम मिनिटांवर आले. पण त्या यादीतील नेमसर्व्हरच्या नोंदीची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे नेमके ४८ तास आहे. त्यामुळे डोमेनचा नेमसर्व्हरच बदलला तर दोन दिवसांचा हिशोब रास्त ठरतो. नेमसर्व्हर तोच ठेवून फक्त आतला पत्ता बदलला तर मात्र मालकाने ठरवलेली टीटीएल तेवढी लागू होते, आणि ती पाच मिनिटांचीही असू शकते. या दोन प्रसंगांतला फरक न ओळखता दोन्हीकडे ४८ तास सांगणे ही आजही सरसकट होणारी चूक आहे. नवख्या टेस्टरने पहिल्यांदा हाच फरक शिकावा.

नव्या सर्व्हरचा आकडी पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकून साइट पाहिली तर काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फारसे बिघडत नव्हते, कारण एका पत्त्यावर बहुधा एकच साइट असे. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमावलीची, १.१ आवृत्ती आली आणि प्रत्येक मागणीसोबत साइटचे नाव पाठवणे सक्तीचे झाले. त्यामुळे एकाच पत्त्यावर शेकडो साइट ठेवता येऊ लागल्या. होस्टिंग स्वस्त झाले ते यामुळेच. पण नावाशिवाय आलेल्या मागणीला सर्व्हर भलतीच साइट दाखवू लागला. कुकी नावाशी बांधलेली असते, म्हणून लॉगिन टिकत नाही. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेससारख्या प्रणाली आपल्या डेटाबेसमध्ये साइटचे पूर्ण नाव साठवतात, त्यामुळे आकड्याने उघडलेले पान पहिल्याच क्लिकला जुन्या सर्व्हरवर नेऊन सोडते. सुरक्षा प्रमाणपत्र सहसा नावालाच दिलेले असते. खऱ्या नावाने केलेली चाचणी हीच खरी चाचणी, हे यातून सर्वमान्य झाले.

प्रत्यक्ष कृती लहान आहे, पण तिच्यात पाय घसरण्याच्या जागा बऱ्याच आहेत. विंडोजवर नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावे लागते, नाहीतर फाइल सेव्ह होत नाही. आत # या खुणेने सुरू होणाऱ्या टिपा असतात आणि ‘ऱ्हायनो डॉट अ‍ॅक्मे डॉट कॉम’ अशी नमुन्याची नोंद असते. त्यांच्याखाली एक ओळ लिहायची: आधी नवा पत्ता, समजा २०३.०.११३.१०, मग मोकळी जागा आणि मग नाव, समजा ‘दुकान डॉट एक्झाम्पल’. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेले नाव वेगळे मानले जाते, म्हणून तेही त्याच ओळीत जोडावे लागते. हे विसरले की मुखपृष्ठ नवे आणि आतली पाने जुनी असा गोंधळ होतो. नोटपॅडने गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडून दुसरीच फाइल बनवली नाही ना, हेही पाहायचे. मग ‘आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस’ ही आज्ञा देऊन संगणकाची साठवण पुसायची आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडायचा, कारण तो जुन्या सर्व्हरशी जोडलेला दुवा धरून बसलेला असू शकतो. शेवटी, दिसते आहे ती साइट खरोखर नव्या सर्व्हरवरची आहे याची खात्री हवी. दोन्ही साइट दिसायला हुबेहूब सारख्या असतात. त्यासाठी नव्या सर्व्हरवरच्या पानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणारी एक टीप टाकून ठेवतात आणि ‘व्ह्यू सोर्स’ने ती शोधतात. ही एवढीशी टीप न टाकल्यामुळे तासन्‌तास जुनीच साइट तपासली गेल्याचे प्रसंग या धंद्यात सर्रास घडतात.

मोठ्या कंपन्यांच्या संकुलांत या कृतीपुढे वेगळे अडथळे असतात. कर्मचाऱ्याला लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे अधिकार नसतात, त्यामुळे फाइल बदलायला आयटी सपोर्टकडे तिकीट टाकावे लागते. याहून फसवा अडथळा प्रॉक्सीचा, म्हणजे मागण्या बाहेर पोहोचवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरचा. ब्राउझर प्रॉक्सीमार्फत बाहेर जात असेल तर नावाचा पत्ता प्रॉक्सी शोधते, लॅपटॉप नव्हे. होस्ट्स फाइलमधली ओळ अचूक असूनही तिचा काहीच परिणाम होत नाही. त्या डोमेनपुरती प्रॉक्सी वगळली की साइट उघडते.

होस्ट्स फाइलवरचा हा पहारा निष्कारण बसलेला नाही. जानेवारी २००४ मध्ये पसरलेल्या मायडूम विषाणूच्या दुसऱ्या रूपाने याच फाइलमध्ये ओळी घालून बाधित संगणकांवर मायक्रोसॉफ्ट आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडेनाशा केल्या होत्या. ज्या दाराने टेस्टर आत जातो त्याच दाराने चोरही जातो, हे त्यातून दिसले. पुढे अँटिव्हायरस सॉफ्टवेअरे या फाइलवर लक्ष ठेवू लागली. रहिमतपूरच्या कैलाश काटकरांनी पुण्यात उभी केलेली क्विक हील ही कंपनी विषाणूंविरुद्धच्या लढाईतूनच घराघरांत पोहोचली.

मोबाइल आल्यावर आणखी एक दार बंद झाले. अँड्रॉइड किंवा आयफोनवर ही फाइल साध्या वापरकर्त्याला बदलता येत नाही. त्यावर उपाय म्हणून टेस्टर आपल्या संगणकावर फिडलर किंवा चार्ल्ससारखे सॉफ्टवेअर चालवतात आणि फोनला तो संगणक प्रॉक्सी म्हणून देतात. वर जो अडथळा होता तोच इथे उपयोगी पडतो. नाव संगणक शोधतो, म्हणून संगणकावरची ओळ फोनलाही लागू होते.

फाइलला हात न लावता काम करण्याचे मार्गही तयार होत गेले. २००० मध्ये बाइंड या नेमसर्व्हरच्या नवव्या आवृत्तीत कार्यालयाच्या आत एक उत्तर आणि बाहेर दुसरे देण्याची सोय आली, त्यामुळे सगळ्या चमूला एकदम नवी साइट दाखवता येऊ लागली. डिसेंबर २०१० मध्ये कर्ल या साधनाला ‘रिझॉल्व्ह’ हा पर्याय मिळाला. त्यात नाव, पोर्ट आणि पत्ता दिला की तेवढ्या एका मागणीपुरता तो पत्ता वापरला जातो. संगणकावर मागे काही उरत नाही, म्हणून स्वयंचलित चाचण्यांसाठी हीच पद्धत सर्वांत स्वच्छ मानावी.

काही जण चाचणीसाठी वेगळेच नाव वापरतात. त्यासाठी ‘डॉट टेस्ट’ आणि ‘डॉट एक्झाम्पल’ ही नावे जून १९९९ पासून कायमची राखीव आहेत, ती कधीच विकली जाणार नाहीत. तरीही अनेकांनी सवयीने ‘डॉट डेव्ह’ वापरले. पुढे ते नाव गूगलच्या मालकीचे झाले, डिसेंबर २०१७ मधील क्रोमच्या ६३ व्या आवृत्तीने त्यावर सुरक्षित जोडणी सक्तीची केली आणि जगभरच्या प्रोग्रामरांच्या घरगुती साइट एका अपडेटनिशी उघडेनाशा झाल्या. राखीव नाव वापरले असते तर हा त्रास झाला नसता.

उतावळेपणाही दिरंगाई वाढवतो. नवी नोंद टाकण्याआधीच ती आली का हे पाहिले, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवले जाते. त्याचे नियम मार्च १९९८ मध्ये मार्क अँड्र्यूज यांनी घालून दिले. म्हणून नोंद पडेपर्यंत नाव विचारू नये आणि विचारायचेच तर डोमेनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरला ‘डिग’ या आज्ञेने थेट विचारावे. जावाच्या जुन्या आवृत्त्या एकदा मिळालेला पत्ता प्रोग्राम बंद होईपर्यंत सोडत नसत. बहुतांशी जावावर पोट भरणाऱ्या हिंजवडीसारख्या ठिकाणी ही बाब महत्त्वाची होती, कारण डीएनएस कधीच बदललेले असूनही अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर रिस्टार्ट केल्याशिवाय नवा पत्ता दिसत नसे. सार्वजनिक रिझॉल्व्हर आल्यावर थोडी सोय झाली. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये आणि क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०१८ मध्ये ते सुरू केले, आणि एखाद्या नावाची साठवण तिथे स्वतःहून पुसता येते. प्रत्येकाच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर मात्र आपल्याच मुदतीने चालतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव खुले झाले आणि मराठी अक्षरांतले पत्ते नोंदवता येऊ लागले. त्यांची चाचणी करताना होस्ट्स फाइलमध्ये देवनागरी लिहून चालत नाही. ब्राउझर अशा नावाचे आधी रोमन अक्षरे आणि अंकांच्या सांकेतिक रूपात रूपांतर करतो आणि मग त्या रूपाचा पत्ता शोधतो. फाइलमध्येही तेच रूप लिहावे लागते. मराठी साइट करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण नेहमीच्या मार्गदर्शिकांत ते क्वचितच सापडते.

अनुभवी चमूचे आजचे वेळापत्रक असे असते. जुनी टीटीएल एक दिवसाची असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणतात. प्रमाणपत्र नव्या सर्व्हरवर आधीच बसवतात, आणि ते मिळवण्यासाठी साइट तिथे असणे आवश्यक ठरू नये म्हणून डीएनएसमधील नोंदीने मालकी सिद्ध करतात. होस्ट्स फाइल किंवा कर्लने खऱ्या नावाने पूर्ण चाचणी होते, मगच पत्ता बदलला जातो. जुना सर्व्हर आणखी काही दिवस चालू ठेवतात, कारण मुदत न पाळणारे रिझॉल्व्हर असतातच. सगळे स्थिर झाले की टीटीएल पूर्ववत होते. आणि टेस्टरने आपल्या होस्ट्स फाइलमधली ती ओळ त्याच दिवशी काढून टाकावी. ती राहून गेली तर काही महिन्यांनी सर्व्हर पुन्हा बदलेल तेव्हा साऱ्या जगाला साइट दिसेल आणि फक्त त्याच्याच लॅपटॉपवर ती बंद असेल.